युरेनियमची जन्मतारीख शोधणारा माणूस

दुधाची पिशवी घेताना तुम्ही तारीख बघता. ब्रेडची बघता, मॅगीची बघता, औषधाच्या स्ट्रिपवरची तर डोळे बारीक करून बघता. आता कल्पना करा, तुमच्यासमोर काळ्या पुडीची एक इवलीशी कुपी ठेवली आहे. वर लेबल नाही, कंपनीचं नाव नाही, पॅकिंगची तारीख नाही. आणि तुम्हाला सांगायचंय की ही पूड कधी तयार झाली. चुकलात तर एखाद्या निर्दोष देशाकडे बोट जाईल.

हे कुठल्या वेब सिरीजचं कथानक नाही. २९ मे १९९९ रोजी बल्गेरियातल्या रुसे या डॅन्यूब नदीकाठच्या सीमेवर कस्टम्सवाल्यांनी एक गाडी अडवली. डिकीत टायरमध्ये हवा भरायचा एअर कॉम्प्रेसर होता. तो उघडला तर आत शिशाचं भांडं, भांड्यात पिवळसर मेण आणि मेणात बसवलेली काचेची कुपी. पूड साधारण चार ग्रॅम. म्हणजे चहात घालतो त्या चमचाभर साखरेएवढं वजन. पण ते होतं युरेनियम आणि त्यातला ७० टक्क्यांहून जास्त भाग युरेनियम-२३५चा. खाणीतून निघतं त्या युरेनियममध्ये हा भाग एक टक्कासुद्धा नसतो. एवढं समृद्ध युरेनियम कुणी घरी बनवत नाही.

कुपी अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत गेली. तिथल्या लोकांनी मेण तपासलं, काच तपासली, कागद तपासला आणि पुडीचं वय काढलं. उत्तर आलं, १९९३च्या अखेरीचा सुमार. पकडली गेली तेव्हा पूड सहा वर्षांचीही नव्हती.

कसं काय? मीही हेच विचारलं. बारावीत ‘अर्धायुष्य’ नावाचा प्रकार दोन मार्कांसाठी पाठ केला होता आणि पेपर संपल्यावर रीतसर विसरून मास कॉमला आले होते. ऑफिसात हा विषय वाट्याला आला तेव्हा वाटलं, काहीतरी अगदी नवीन, कॉम्प्युटरच्या जमान्यातलं तंत्र असणार. मशिन्स नवीन आहेत, खरंय. पण मूळ युक्ती सव्वाशे वर्षं जुनी निघाली. ती एका शेतकरी घरातल्या मुलाला सुचली, नाताळच्या सुट्टीनंतर लॅब उघडल्यावर. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. अर्नेस्ट रदरफर्ड. हो, सोन्याच्या पत्र्यावाला.

पुस्तकात आपल्याला हा माणूस एका प्रयोगापुरता भेटतो. अल्फा कण, सोन्याचा पत्रा, अणूच्या मधोमध केंद्रक, आकृती काढा, नावे द्या. पण ज्यासाठी त्याला नोबेल मिळालं, तो प्रयोग हा नव्हेच. ते नोबेल त्याआधीच्या कामाचं. आणि आजची गोष्ट त्या कामाची आहे.

अर्नेस्टचा जन्म ३० ऑगस्ट १८७१चा, न्यूझीलंडमधल्या नेल्सन शहराजवळच्या ब्राइटवॉटर गावातला. बारा भावंडांतला चौथा. वडील चाकं बनवायचे, पुढे वाखाच्या धंद्यात पडले. आई लग्नाआधी शाळेत शिक्षिका होती आणि पोरांच्या अभ्यासाबाबत तिच्याकडे माफी नव्हती. घरात पैसा बेताचा. त्यामुळे पुढचं शिक्षण म्हणजे स्कॉलरशिप, नाहीतर घरचं काम. नेल्सन कॉलेजची स्कॉलरशिप पहिल्या प्रयत्नात हुकली, दुसऱ्यांदा मिळाली. मग क्राइस्टचर्चचं कँटरबरी कॉलेज. तिथे राहायला जागा घेतली त्या घरमालकिणीच्या मुलीवर, मेरी न्यूटनवर, त्याचं प्रेम बसलं. (आडनाव वाचून हसू नका, योगायोग आहे.)

इथवर सगळं छान. पुढचं वाचा. डिग्र्या हातात असताना त्याने शाळामास्तराच्या कायम नोकरीसाठी प्रयत्न केले आणि एकदा नव्हे, तीनदा हात हलवत परत आला. शेवटी इंग्लंडला जाण्यासाठीच्या एका मोठ्या स्कॉलरशिपला अर्ज केला. उमेदवार दोन, जागा एक. निवड झाली ती दुसऱ्याची, मॅक्लॉरिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. मॅक्लॉरिनने घरगुती कारणांनी जायचं नाकारलं, म्हणून रदरफर्डचा नंबर लागला. सरळ सांगायचं तर आधुनिक अणुविज्ञानाचा बाप वेटिंग लिस्टवरून कन्फर्म झाला. बातमी आली तेव्हा तो शेतात बटाटे काढत होता आणि त्याने हा आपला शेवटचा बटाटा असं जाहीर करून टाकलं, असं घरचे पुढे सांगायचे. प्रवासासाठी पैसे उसने घ्यावे लागले.

१८९५ साली तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनकडे पोचला. सोबत रेडिओ लहरी पकडायचं स्वतःचं यंत्र होतं. पण ती दोन-तीन वर्षं म्हणजे शोधांचा पाऊस होता. एक्स-रे सापडले, बेक्वेरेलला युरेनियमचा किरणोत्सार सापडला, थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला. रदरफर्डने रेडिओ बाजूला ठेवला आणि युरेनियमच्या किरणांमागे लागला. हे किरण एका जातीचे नाहीत हे त्याने दाखवलं. लवकर अडणाऱ्यांना त्याने नाव दिलं अल्फा, लांब जाणाऱ्यांना बीटा. ही नावं आपण अजून वापरतो.

मग १८९८. वय २७. कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थेट प्रोफेसर. इथे थोडं थांबूया, कारण आपल्या कुपीचं उत्तर माँट्रियलमध्ये आहे.

मॅकगिलची फिजिक्सची इमारत तेव्हा जगातल्या सुसज्ज लॅब्जपैकी एक होती. पैसा दिला होता विल्यम मॅकडोनाल्ड या तंबाखूच्या व्यापाऱ्याने. गंमत म्हणजे तंबाखूवर गडगंज झालेल्या या गृहस्थांना धूम्रपानाचा भयंकर तिटकारा होता आणि आपला रदरफर्ड पाइपशिवाय विचारच करू शकत नसे. १९०० साली तो न्यूझीलंडला जाऊन मेरीशी लग्न करून आला. पाच वर्षं तिने वाट पाहिली होती.

त्याच्या हाताखालच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती, हॅरिएट ब्रुक्स. थोरियममधून एक किरणोत्सारी वायू निघतो, तो नक्की काय आहे यावर तिने रदरफर्डबरोबर काम केलं. अणू फुटताना उरलेला भाग बंदुकीसारखा मागे धक्का खातो, हे आधी तिच्या निरीक्षणात आलं. पुढे ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवायला लागली. १९०६मध्ये तिचं लग्न ठरलं आणि लग्न करणारी बाई नोकरीत चालणार नाही, असं तिथल्या डीनबाईंनी कळवलं. ब्रुक्स भांडली, नंतर बाहेर पडली. ते लग्न तर झालंच नाही, पण पुढे दुसरीकडे लग्न झाल्यावर तिचं संशोधनही सुटलं. १९३३मध्ये ती गेली तेव्हा ‘नेचर’मध्ये तिच्यावर रदरफर्डनेच लिहिलं. हा परिच्छेद विषयाला सोडून आहे का? असेल. पण मला तो गाळवेना.

दुसरा साथीदार फ्रेडरिक सॉडी. ऑक्सफर्डहून आलेला केमिस्ट. वय बावीस, म्हणजे माझ्याएवढा! हासुद्धा टोरोंटोत प्रोफेसरची जागा मागायला आला होता, ती मिळाली नाही, म्हणून माँट्रियलमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून राहिला. नाकारलेल्या दोघांची अशी जोडी जमली. एकाला किरणोत्सार मोजता येत होता, दुसऱ्याला पदार्थ वेगळे करता येत होते.

१९०१च्या हिवाळ्यात दोघं थोरियमवर काम करत होते. सॉडीने थोरियमच्या द्रावणात अमोनिया टाकला. थोरियम साका होऊन खाली बसला. तो गाळून घेतला आणि मोजला, तर त्याचा किरणोत्सार बराचसा गेलेला. मग गेला कुठे? गाळून उरलेलं पाणी आटवलं, तर तळाशी अगदी जराशी राख राहिली आणि ती वजनाच्या मानाने प्रचंड किरणोत्सारी निघाली. या अनोळखी पाहुण्याला त्यांनी नाव दिलं थोरियम एक्स. म्हणजे किरणोत्सार थोरियमचा नव्हताच, त्यात मिसळलेल्या कुठल्या तरी अशुद्धीचा होता? तसंच वाटत होतं. एवढ्यात नाताळची सुट्टी लागली. दोन्ही नमुने लॅबमध्ये तसेच ठेवून मंडळी पांगली.

आपण दिवाळीच्या सुट्टीवरून होस्टेलवर परत येतो तेव्हा खोलीत काय दिसतं? निघताना पुसलेल्या टेबलावर धूळ आणि डब्यात विसरलेल्या चिवड्याची वाट लागलेली. माँट्रियलमध्ये तसंच झालं. सुमारे तीन आठवड्यांनी येऊन बघतात तर थोरियम एक्स थंडगार, त्याच्यात दम उरलेला नाही. आणि स्वच्छ केलेला थोरियम? तो पुन्हा पहिल्यासारखा किरणोत्सारी! कुणी हात लावला नव्हता. त्याच सुमाराला पॅरिसहून कळलं की बेक्वेरेललाही युरेनियममध्ये असाच प्रकार दिसला आहे.

मग दोघांनी रोजच्या रोज मोजायला घेतलं. थोरियम एक्स चार दिवसांत निम्मा व्हायचा, पुढच्या चार दिवसांत त्याच्या निम्मा. आणि इकडे स्वच्छ थोरियम त्याच चार दिवसांत गमावलेल्यातलं निम्मं परत मिळवायचा. कागदावर दोन रेघा. एक उतरणारी, एक चढणारी, एकमेकींना छेदणाऱ्या. दोन्हींची बेरीज कायम तेवढीच.

या दोन रेघांचा अर्थ लावायला हिंमत लागत होती. थोरियम स्वतःहून दुसऱ्या पदार्थात बदलतोय. तो दुसरा पदार्थ पुन्हा तिसऱ्यात. अणू म्हणजे अविभाज्य, अमर, हे तेव्हाच्या केमिस्ट्रीचं पहिलं वाक्य होतं. धातूचा दुसरा धातू करायच्या गप्पा किमयागारांनी मारायच्या. आपल्याला किमयागार म्हणून हाकलून देतील, अशी काळजी रदरफर्डला होती. विद्यापीठाची अब्रू जाईल म्हणून काही सहकारीही कुरकुरत होते. तरी १९०२ आणि १९०३मध्ये दोघांनी छापलंच. कुठला अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण एका जातीच्या ढीगभर अणूंपैकी ठरावीक काळात किती फुटतील हे नक्की सांगता येतं. तापवा, गोठवा, ॲसिडमध्ये टाका, वेग बदलत नाही.

आता त्या कुपीकडे परत या. टेबल पुसलं की धूळ साचायला लागते. धूळ किती वेगाने साचते हे ठाऊक असेल, तर टेबल शेवटचं कधी पुसलं ते सांगता येईल की नाही? बास. युक्ती एवढीच आहे. कारखान्यात युरेनियम रासायनिक पद्धतीने शुद्ध करतात, तेव्हा त्यात साचलेले सगळे वंशज पदार्थ बाहेर जातात. घड्याळ शून्यावर येतं. त्या क्षणापासून ते पुन्हा साचायला लागतात. युरेनियम-२३४ हा युरेनियमचा एक हलका भाऊ. त्याच्या दर साडेतीन लाख अणूंपैकी वर्षाला जवळपास एक अणू थोरियम-२३० होतो. साडेतीन लाखांत एक! पण आजची यंत्रं अणू मोजल्यासारखे मोजतात. युरेनियम-२३४ किती, थोरियम-२३० किती, यांचं गुणोत्तर काढलं की वर्षं मिळतात. तेव्हा न्यायवैद्यकवाले युरेनियमचं ‘वय’ म्हणतात ते धातूचं वय नसतं, ते शेवटच्या शुद्धीकरणापासूनचं वय असतं. तो युरेनियम पृथ्वीइतका जुना आहेच.

प्लुटोनियमचं घड्याळ तर आणखी जलद चालतं. प्लुटोनियम-२४१चे निम्मे अणू साधारण १४ वर्षांत अमेरिशियम-२४१ होतात, म्हणजे पहिल्याच वर्षी शंभरातले जवळपास पाच. चोराने लेबल खरवडलं, पेटी बदलली, देश बदलला, तरी हे घड्याळ त्याला बंद करता येत नाही. ते शून्यावर आणायचं तर पुन्हा शुद्धीकरण करावं लागतं. आणि त्यासाठी रासायनिक कारखाना लागतो.

रुसेच्या पुडीत युरेनियम-२३६ही सापडलं. ते निसर्गात जवळपास नसतंच. म्हणजे हे युरेनियम आधी अणुभट्टीत जाऊन आलेलं आणि मग पुन्हा शुद्ध केलेलं. शुद्ध केलं १९९३च्या अखेरीस, म्हणजे सोव्हिएत युनियन फुटून जेमतेम दोन वर्षं झालेली. मेण, कागद वगैरे गोष्टी पूर्व युरोपकडे बोट दाखवत होत्या. त्या काळात असं काम करणारे कारखाने जगात मोजकेच. वयाने गुन्हेगार सापडत नाही हो, पण यादी आखूड होते. जो कारखाना १९९३च्या आधीच बंद पडला, त्याच्यावरचा संशय निघून जातो. मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

यात एक गोची आहे, तीही सांगते. टेबल नीट पुसलंच नसेल तर? कोपऱ्यात जुनी धूळ राहिली असेल तर हिशेब चुकतो आणि पदार्थ आहे त्यापेक्षा म्हातारा वाटतो. म्हणून एका घड्याळावर भागत नाही. युरेनियम-२३५पासून साचणारं प्रोटॅक्टिनियम-२३१ हे दुसरं घड्याळ लावून बघतात. दोन्ही एकच तारीख सांगत असतील तर भरवसा ठेवायचा. नसतील सांगत, तर शुद्धीकरण अर्धवट होतं किंवा दोन वेगळे माल एकत्र झालेत, असा संशय घ्यायचा. आम्हाला रिपोर्टिंगच्या वर्गात शिकवतात, एका सोर्सवर बातमी करू नका. अगदी तेच.

आणि हा थोरियम-२३० पहिल्यांदा कुणी शोधला? बर्ट्राम बोल्टवूड या अमेरिकन केमिस्टने, १९०७मध्ये. रदरफर्डचा जिवलग मित्र, पत्रांतून रोज वाद घालणारा. त्याने त्याचं नाव ठेवलं होतं आयोनियम. या घड्याळाने वय मोजावं ही कल्पनाही रदरफर्डचीच होती, फक्त त्याने ते दगडांना लावलं. युरेनियम असलेल्या खनिजात हेलियम साचतो, तो मोजा, दगडाचं वय काढा, असं त्याने १९०५च्या आसपास मांडलं. १९०४मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो यावर बोलायला उभा राहिला, तर समोर म्हातारे लॉर्ड केल्विन बसलेले. पृथ्वी काही कोटी वर्षांचीच आहे असा केल्विन यांचा हट्ट. सुरुवातीला त्यांचा डोळा लागला होता, पण नेमका अडचणीचा मुद्दा आला आणि ते जागे झाले. रदरफर्डने प्रसंग सावरला. केल्विनसाहेबांनी उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तर अशी अट घातली होती, म्हणजे त्यांनी किरणोत्साराचं भाकीतच केलं होतं, असं तो म्हणाला. म्हातारबुवा खूश. बोल्टवूडने मग हेलियमऐवजी शिसं मोजलं आणि काही खनिजं शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडे गेली.

नोबेल १९०८मध्ये आलं, तेही केमिस्ट्रीचं! फिजिक्सवाल्याला केमिस्ट्रीचं. एका फटक्यात आपलंच रूपांतर झालं, यावर तो बराच काळ विनोद करत राहिला. तोवर तो मँचेस्टरला आला होता. सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग, केंद्रक, तिथला तरुण बोर, हे सगळं इथलं. ते तुम्हाला येतं, मी पळते. पहिल्या महायुद्धात त्याने पाणबुड्यांचा आवाज टिपायच्या कामावर डोकं लावलं आणि त्याचा सर्वांत हुशार विद्यार्थी मोझली २७व्या वर्षी गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. १९१९मध्ये थॉमसनच्या जागी कॅव्हेंडिशचा प्रमुख. १९३२मध्ये त्याच्या लॅबमध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. त्याच काळात मुंबईहून गेलेला होमी भाभा तिथे शिकत होता.

त्याच्या आवाजाची मोठी चर्चा असे. खणखणीत, गडगडाटी. नाजूक यंत्रं त्याने हलतात म्हणून विद्यार्थी तक्रार करत. रागवायचा, लगेच माफीही मागायचा. पण १९३० सालच्या नाताळाच्या तोंडावर त्याची एकुलती एक मुलगी आयलीन चौथ्या बाळंतपणानंतर गेली. लोक म्हणत, त्यानंतर तो वयाने दिसायला लागला. लगेचच, १९३१च्या सुरुवातीला, त्याला लॉर्ड करण्यात आलं. लॉर्ड झाल्यावर मानचिन्ह ठरवावं लागतं. त्याने ढालीवर सिंहबिंह घेतले नाहीत. एक कीवी पक्षी घेतला, एक माओरी योद्धा घेतला आणि ढालीच्या आरपार दोन वक्र रेघा काढून घेतल्या. एक उतरणारी, एक चढणारी. नाताळच्या सुट्टीतल्या त्याच.

एका बाबतीत मात्र तो चुकला. सप्टेंबर १९३३मध्ये लेस्टरच्या सभेत त्याने अणूतून कामाची ऊर्जा मिळवायच्या गप्पांना भ्रम ठरवलं. ते पेपरात वाचून लंडनमधल्या हंगेरियन निर्वासित लिओ झिलार्डचं डोकं फिरलं आणि साखळी प्रक्रियेची कल्पना त्याला त्याच दिवसांत सुचली. रदरफर्ड स्वतः त्या वर्षी नाझींपासून पळालेल्या प्राध्यापकांना मदत करणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला होता, हेही इथे सांगायला हवं.

जानेवारी १९३८मध्ये तो भारतात येणार होता. कोलकात्याला इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून. आला नाही. हर्नियाकडे त्याने कायम दुर्लक्ष केलं होतं. आतडं अडकलं, ऑपरेशन झालं, पण १९ ऑक्टोबर १९३७ रोजी केंब्रिजमध्ये तो गेला. वय ६६. अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या जवळ ठेवल्या. वर्षभराने, डिसेंबर १९३८मध्ये, बर्लिनला युरेनियमचा अणू दुभंगला. करणारा होता ओटो हान, जो १९०५मध्ये शिकायला माँट्रियलला रदरफर्डच्याच लॅबमध्ये होता.

म्हणजे बॉम्ब, प्लुटोनियम, स्मगलिंग यातलं काहीच त्याने पाहिलं नाही. पण त्याचं घड्याळ त्यांच्या मागे लागलं आहे. २००४मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डला जुन्या कचऱ्याच्या चराची सफाई चालू होती. मातीतून एक तिजोरी निघाली, तिच्यात काचेची बरणी, बरणीत पांढरट द्रव आणि त्यात प्लुटोनियम. कागद नाहीत. वय मोजलं, उत्तर आलं १९४६, चार-साडेचार वर्षं इकडेतिकडे. मग जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं की ते डिसेंबर १९४४मध्ये वेगळं केलेलं होतं, नागासाकीच्या आठ महिने आधीचं. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत हायझेनबर्गच्या युद्धकाळातल्या अणुभट्टीचा युरेनियमचा ठोकळा असाच तपासला. थोरियम-२३०ने तारीख सांगितली १९४३. शिवाय त्या ठोकळ्यात मोठी साखळी प्रक्रिया झाल्याच्या खुणा नव्हत्या. नाझींची अणुभट्टी पेटली होती का, या जुन्या वादात हा एक साक्षीदार सत्तर वर्षांनी बोलला.

माँट्रियलला कधी गेलात तर मॅकगिलमध्ये रदरफर्डची ती उपकरणं जपून ठेवली आहेत. नाहीच जमलं तर न्यूझीलंडची शंभर डॉलरची नोट मोबाइलवर शोधा. एका बाजूला मिशाळ रदरफर्ड आहे. त्याच्या शेजारच्या नोबेल पदकावरून एक आलेख गेलेला दिसेल, त्याच्या किरणोत्साराच्या मोजमापाचा. झूम करून बघा.